जाहिरातीचा डॅशबोर्ड म्हणतो ६२ ऑर्डरी, खात्यात फक्त ४१! मदत हवी आहे

मंडळी, डोकं पार गरगरलंय म्हणून विचारतेय. आमचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, डिझाइनची टेम्प्लेट्स विकतो, माणसं तीन आणि तिघंही घरूनच काम करतो. मागच्या महिन्यात सोशल मीडियाच्या जाहिरातींचा डॅशबोर्ड म्हणतो ६२ ऑर्डरी आल्या, वेबसाइटवरची वर्दळ मोजणारं अ‍ॅनालिटिक्स म्हणतं ३४, आणि खरोखर पैसे जमा झाले ४१ चे. त्यातली दहा-बारा तर जुनी गिऱ्हाइकं, नावं बघूनच कळतं.

खरा वैताग पुढेच आहे. जाहिराती बघणारा म्हणतो बजेट वाढवा, ईमेल बघणारी म्हणते ओपन रेट (मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण) ५८ टक्के आहे म्हणजे विक्री माझ्यामुळे, आणि दोघं आपापले स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून बसतात. रोज सकाळी पाऊण तास व्हिडिओ कॉल. परवा मी माइक म्यूट करून चक्क कपडे वाळत घालून आले तरी तोच मुद्दा चालू! एका एजन्सीने २२ पानी रिपोर्ट दिला, रंगीत आलेख भरपूर, पण ४१ हा आकडा त्यात कुठेच नाही.

तर कुठला आकडा धरून पैसे लावायचे? आणि रोजचे कॉल बंद केले तर कामं अडतील का?

प्रतिसाद १
खोटं कोणीच बोलत नाहीये हो, मोजायची पद्धत वेगळी. मेटाचं (फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांचं) उदाहरण घ्या, तिथे नेहमीची सेटिंग ७ दिवस क्लिक आणि १ दिवस व्ह्यू अशी असते, क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा नुसती बघितल्यापासून १ दिवसात झालेली खरेदी जाहिरातीची धरतात. म्हणजे जुनं गिऱ्हाईक रात्री जाहिरात बघून अंगठ्याने पुढे सरकलं आणि सकाळी तुमच्या ईमेलवरून खरेदी केली तरी ती ऑर्डर जाहिरातीच्या नावावर. अ‍ॅनालिटिक्स कमी दाखवतं कारण कुकीला नाही म्हणणारे आणि अ‍ॅडब्लॉकरवाले बरेचदा त्यात येतच नाहीत. आणि ओपन रेट विसरा! २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १५ आलं तेव्हापासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, त्यामुळे माणसाने मेल उघडली नाही तरी उघडल्याची नोंद होते.

मी असतो तर ४१ च धरले असते. महिन्याचा जाहिरातखर्च भागिले नवीन गिऱ्हाइकं, एवढं एकच गणित. आणि सगळ्या लिंकना यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावलंय का ते आधी बघा.

प्रतिसाद २
कॉलबद्दल. आमच्याकडे एक शेअर केलेली शीट आहे, प्रत्येकाने दहाच्या आत तीन ओळी लिहायच्या, काल काय केलं, आज काय, कुठे अडलंय. कॉल आठवड्यातून एकदाच. पहिले काही दिवस सगळे शीट विसरायचे, आता कोणी कॉलचं नावही काढत नाही.

धागाकर्ती
यूटीएम बघितलं, ईमेलच्या एकाही लिंकला नाहीये 🤦‍♀️ म्हणून अ‍ॅनालिटिक्समध्ये १९ ऑर्डरी ‘डायरेक्ट’ (म्हणजे कुठून आल्या ते कळलं नाही) खाली पडल्यात. आता अजून एक शंका, जाहिराती दोन आठवडे पूर्ण बंद करून विक्री पडते का बघू?

प्रतिसाद १
पूर्ण बंद नको. ७ दिवस किंवा जास्त बंद ठेवल्या तर परत चालू करताना लर्निंग फेज (जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टीम शिकते तो काळ) पहिल्यापासून. त्यापेक्षा निम्म्या भागांत (शहरं, जिल्हे) जाहिरात दाखवा, निम्म्यांत नको, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरी आधीच्या महिन्याशी ताडून बघा.

धागाकर्ती
हे जमेल. उद्या सकाळच्या कॉलवर सांगते, म्हणजे तो कॉल शेवटचा ठरला तर बरंच.