मदत हवी आहे : पत्र्यावरील पांढऱ्या रंगाचा थर किती जाड असावा?

नमस्कार. आमच्या गोदामाच्या चकचकीत अल्युमिनियम पत्र्यावर एका भागात पांढरा ॲक्रिलिक रंग दिला आहे. दुपारी हात लावल्यास उघडा पत्रा अधिक तापलेला जाणवतो, परंतु उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णतेचे प्रारण किती प्रमाणात बाहेर टाकतो ते दर्शवणारा 0 ते 1 मधील आकडा) 0.95 अशी कायम ठरवलेला अवरक्त (इन्फ्रारेड) तापमापक तोच पत्रा थंड दाखवतो. स्वच्छ अल्युमिनियमची उत्सर्जकता 0.1 च्या आसपास असल्याने तेथे आकाशाचे परावर्तनच मोजले जात असावे. इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवून तिच्यावर घेतलेले माप मात्र हाताच्या अनुभवाशी जुळले. खरी अडचण रंगाची आहे. पातळ थरातून अवरक्त प्रारण अंशतः पार जाते आणि खालच्या धातूचा प्रभाव उरतो. तो नाहीसा होण्यासाठी सुक्या थराची जाडी किती मायक्रॉन असावी आणि ती साध्या साधनांनी कशी पडताळावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.