टीईपीमध्ये (पोटाच्या पोकळीत न शिरता दुर्बिणीने केलेल्या जांघेतल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत) मेश म्हणजे जाळी टॅक न करता, म्हणजे बारीक पिनांनी न टाचता, ठेवली तर चालेल का?

सर्जरी रेसिडेंट:
५२ वर्षांचा रुग्ण, उजवा डायरेक्ट हर्निया (जांघेच्या कमकुवत भिंतीतून थेट बाहेर आलेला), पहिल्यांदाच झालेला, डिफेक्ट (भिंतीतलं भोक) दोन बोटांचा. टॅकरचा (टॅक मारायच्या उपकरणाचा) खर्च त्याला जड जातोय. १५ × १० सेंमीची पॉलीप्रॉपिलीन मेश नुसती ठेवली तर सरकेल का? टॅक मारायचेच झाले तर कुठे?

उत्तर १:
दोन बोटं म्हणजे हर्नियाच्या वर्गीकरणात एम२ (एम म्हणजे मीडियल, मधल्या बाजूचा; आकडा आकाराचा). टॅकर लागत नाही. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही फिक्सेशन (मेश टाचणं) सुचवलंय ते एम३ला, म्हणजे तीन बोटं किंवा त्याहून मोठ्या मीडियल डिफेक्टला. जागा करायला भरलेला गॅस गेला की पोटातला दाबच मेशला भिंतीशी धरून ठेवतो. मेश फसते ती बहुतेक वेळा जागा अपुरी केल्यामुळे. मधे सिम्फिसिस (जांघेच्या हाडांचा मधला सांधा) ओलांडून पलीकडे १-२ सेंमी, खाली प्यूबिसच्या (जांघेच्या हाडाच्या) मागे २ सेंमी उतरा. कॉर्डवरून (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीवरून) पेरिटोनियम (पोटाचं आतलं पातळ आवरण) इतकं मागे सोडवा की व्हास (वीर्यनलिका) आत वळताना दिसली पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला सोअस स्नायू उघडा पडला पाहिजे. कॉर्डचा लायपोमा (चरबीची गाठ) राहू देऊ नका. डिसेक्शन (सोडवून केलेली जागा) कमी आहे म्हणून मेश कापून लहान करणं तर अजिबात नको.

उत्तर २:
गॅस सोडतानाही घाई नको. मेशचा खालचा बाहेरचा कोपरा ग्रास्परने (चिमट्याने) दाबून धरा आणि हळूहळू गॅस सोडत कॅमेऱ्यात बघत राहा. पेरिटोनियम मेशच्या वर बसलं पाहिजे. ते कडेखाली शिरलं तर कड गुंडाळते आणि हर्निया तिथूनच परत येतो. तसं दिसलं तर पुन्हा गॅस भरून आणखी सोडवा. टॅक मारून ही चूक झाकली जात नाही.

उत्तर ३:
एम३ असेल तर कूपर लिगामेंटवर (प्यूबिसच्या कडेवरचा घट्ट पट्टा) एक-दोन आणि रेक्टसच्या (पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूच्या) मागे एक टॅक पुरतो. कूपरवर मारण्याआधी कोरोना मॉर्टिस ही रक्तवाहिनी कुठून जाते ते बघून घ्या. बाहेरच्या बाजूला मारायचाच असेल तर दुसरा हात पोटावर ठेवा. टॅकरचं टोक हाताला लागलं नाही तर तुम्ही इलिओप्यूबिक ट्रॅक्टच्या (जांघेतल्या आडव्या तंतूंच्या पट्ट्याच्या) खाली आहात, तिथे मारू नका. खाली मज्जातंतू (नर्व्ह) आहेत, आणि व्हास व गोनॅडल (वृषणाच्या) वाहिन्यांच्या मधे एक्स्टर्नल इलियाक या पायाकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या.

सर्जरी रेसिडेंट:
मग डायरेक्टच्या रिकाम्या पोकळीचं काय? सेरोमा (तिथे पाणी साचणं) होईल ना?

उत्तर ३:
ढिली ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया (भिंतीचा आतला पातळ पडदा) आत ओढून बुडाशी लूप (दोऱ्याचा फास) बांधा. टॅकर नसला तरी हे जमतं. फक्त लूप आवळण्याआधी मूत्राशय आणि कॉर्ड त्यात आलेली नाही ना, हे नीट बघा.