अंतर तेच, मग जाताना ८ तास आणि येताना ७ कसे?

विचारणारा: लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अंतर साईटवर साधारण ५५४० किमी दाखवतात, विमानाचा स्पीड ताशी ९०० धरला तर सव्वासहा तासाच्या आत पोचायला पाहिजे. पण तिकिटांच्या साईटवर जाताना आठच्या आसपास आणि परतताना सातच्या आसपास दिसतंय. हे अंतर नक्की कुठून कुठे मोजतात आणि टाइम कुठला खरा धरायचा?

नकाशावेडा: ते अंतर पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर असतं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, तोच मार्ग. सपाट नकाशावर तो उत्तरेकडे वाकलेला दिसतो आणि लोकांना वाटतं विमान लांबून नेतात, पण लांब तर नकाशावरची सरळ रेघ असते. आता प्रत्यक्षात विमान काही तंतोतंत त्या दोऱ्यावरून जात नाही, अटलांटिकवरचे ट्रॅक वारा बघून रोज नव्याने ठरवतात, त्यामुळे उडालेलं अंतर थोडं जास्तच भरतं.

सहप्रवासी: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो ना? न्यूयॉर्क आपोआप पुढे सरकत असणार.

वाऱ्यावरती: नाही हो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच असतं, तसं नसतं तर फरक तासाभराचा नाही, कितीतरी मोठा पडला असता. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो, हिवाळ्यात तर फारच. समजा वारा ताशी १५० चा आहे, तर येताना जमिनीवरचा वेग १०५० आणि जाताना ७५० , म्हणजे तेच ५५४० किमी एकीकडे सव्वापाच तासात आणि दुसरीकडे जवळपास साडेसात तासात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ वादळी वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १३०० च्या घरात! तरी आवाजाचा वेग मोडला नाही, कारण तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात. मला हे प्रकरण अजूनही भारी वाटतं.

नकाशावेडा: त्यात अजून एक, तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत रांगेत सरकणं, चढताना उतरताना कमी वेग, हीथ्रोवर उतरायच्या आधी आकाशात घिरट्या, हे सगळं धरून कंपन्या थोडा जादा वेळ ठेवतात.

विचारणारा: अच्छा, म्हणजे पुढची कनेक्टिंग फ्लाइट ठरवताना अंतराच्या साईटवरचा टाइम धरायचा नाही?

वाऱ्यावरती: अजिबात नको, तो नुसता भागाकार असतो. तिकिटावरचाच धरा, आणि सुटायची आणि पोचायची वेळ त्या त्या गावची असते हे बघा, सरळ वजाबाकी करू नका. लंडन न्यूयॉर्कपेक्षा ५ तास पुढे आहे, फक्त मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास थोडे दिवस ४ तास, कारण दोन्हीकडे घड्याळं वेगवेगळ्या तारखांना बदलतात.