कॉन्टेक्स्ट फाइल दुरुस्त करूनही टॉमकॅट ९ तीच पार्सिंग त्रुटी दाखवतो

प्रश्न

आमचे एक जुने जावा वेब ॲप्लिकेशन टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरच्या आवृत्ती ६ वरून आवृत्ती ९ वर हलवण्याचे काम चालू आहे. जुन्या सर्व्हरचे कॉन्फ (कॉन्फिगरेशनचे) फोल्डर जसेच्या तसे नव्या सर्व्हरवर आणले होते. सुरुवातीला जास्परलिसनर हा क्लास सापडत नाही म्हणून सर्व्हर उभाच राहिला नाही. हा क्लास आवृत्ती ८ पासून काढून टाकलेला असल्याने सर्व्हर.एक्सएमएल या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमधली ती ओळ मी वगळली. आता सर्व्हर सुरू होतो, परंतु ॲप्लिकेशनच्या पत्त्यावर ४०४ मिळते आणि लॉगमध्ये सॅक्सपार्सएक्सेप्शन (एक्सएमएल वाचताना आलेली त्रुटी) दिसते: ओळ १४, आणि 'कॅरॅक्टरएन्कोडिंग' या एन्टिटीचा संदर्भ अर्धविरामाने संपला पाहिजे, अशा अर्थाचा संदेश.

संदेशाचा अर्थ मला समजला आहे. डेटाबेसच्या यूआरएलमध्ये दोन पॅरामीटर जोडणारे & हे चिन्ह एक्सएमएलमध्ये नुसते लिहून चालत नाही; त्याच्या पुढे 'एएमपी' ही अक्षरे आणि अर्धविराम द्यावा लागतो. तशी दुरुस्ती मी मेटा-इन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये (ॲप्लिकेशनच्या सेटिंग्जची फाइल) केली, वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे पॅकेज) नव्याने बांधली, वर्क फोल्डर रिकामे केले आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तरीही त्रुटी अक्षरशः तीच येते. न उलगडणारी गोष्ट अशी की, माझ्या फाइलमध्ये एकूण ९ च ओळी आहेत. मग चौदावी ओळ आली कुठून?

उत्तर १

आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे: चौदावी ओळ ज्या फाइलमध्ये आहे, ती फाइल वेगळी आहे. एक्सेप्शनच्या लगेच वर, डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर (अशी सेटिंग्जची फाइल) डिप्लॉय करताना, म्हणजे सर्व्हरवर चढवताना, चूक झाल्याचे सांगणारी एक ओळ असेल आणि त्या ओळीत चौकटी कंसात फाइलचा संपूर्ण मार्ग छापलेला असेल. कृपया तो मार्ग शेवटपर्यंत वाचावा. माझ्या अंदाजाने तो कॉन्फ फोल्डरच्या आतल्या 'कॅटालिना/लोकलहोस्ट' या उपफोल्डरकडे जाईल आणि तिथे आपल्या ॲप्लिकेशनच्याच नावाची एक एक्सएमएल फाइल सापडेल.

टॉमकॅट ६ वॉर फाइल डिप्लॉय करताना तिच्यातल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलची प्रत आपणहून या उपफोल्डरमध्ये टाकत असे. आवृत्ती ७ पासून कॉपीएक्सएमएल हा गुणधर्म मूळचाच बंद असतो, त्यामुळे नवी प्रत तयार होत नाही. पण जुनी प्रत तिथे असेल तर टॉमकॅट तीच प्रमाण मानतो आणि वॉरमधल्या फाइलकडे पाहतही नाही. आपण संपूर्ण कॉन्फ फोल्डर आणले, त्याबरोबर ही प्रतही आली असणार.

ती फाइल काढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. सर्व्हर आधी बंद करावा, कारण ऑटोडिप्लॉय (फाइलींतले बदल आपोआप लागू करणे) चालू असताना ही फाइल नाहीशी झाली की टॉमकॅट ते ॲप्लिकेशन अनडिप्लॉय करायला घेतो. शिवाय जपून ठेवायची प्रत त्याच उपफोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने ठेवू नये. नावाच्या शेवटी एक्सएमएल असेल तर टॉमकॅट तिला आणखी एक ॲप्लिकेशन समजून डिप्लॉय करू पाहील.

प्रश्नकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. मार्ग आपण सांगितला तोच निघाला. त्या फाइलमध्ये नव्या डेटाबेसचा पत्ता सर्व्हरवरच हाताने भरलेला होता आणि चौदाव्या ओळीवर & हे चिन्ह उघडे होते. फाइल हलवल्यावर ॲप्लिकेशन सुरू झाले.

मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे. एका वेळी बरेच वापरकर्ते आले की पाने नुसती फिरत राहतात आणि लॉगमध्ये कोणतीही त्रुटी येत नाही. जुन्या फाइलमधले मॅक्सअ‍ॅक्टिव्ह १०० (डेटाबेस कनेक्शनांची कमाल संख्या) आणि मॅक्सवेट १०००० (कनेक्शनसाठी थांबायची मर्यादा, मिलिसेकंदांत) हे आकडे मी वॉरमधल्या फाइलमध्ये तसेच ठेवले आहेत.

उत्तर २

त्रुटी नसली तरी इशारा नक्की असेल. डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) तयार होतो त्या वेळचा लॉग पाहा: मॅक्सअ‍ॅक्टिव्ह हा गुणधर्म डीबीसीपी २ (डेटाबेस कनेक्शन सांभाळणारी लायब्ररी) मध्ये वापरला जात नाही, त्याऐवजी मॅक्सटोटल वापरा, आणि तुम्ही दिलेल्या १०० या किमतीकडे दुर्लक्ष केले जात आहे, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

टॉमकॅट ८ पासून आतला कनेक्शन पूल (तयार कनेक्शनांचा साठा) डीबीसीपी २ चा झाला आणि गुणधर्मांची काही नावे बदलली. मॅक्सअ‍ॅक्टिव्हचे मॅक्सटोटल झाले आणि मॅक्सवेटचे मॅक्सवेटमिलिस. जुनी नावे लिहिल्यास मूळच्या किमती लागू होतात, म्हणजे एकूण कनेक्शन ८ आणि प्रतीक्षेला मर्यादाच नाही. याचा परिणाम नीट लक्षात घ्यावा: ८ कनेक्शन गुंतलेली असताना नववी विनंती दहा सेकंदांनी त्रुटी देऊन मोकळी होण्याऐवजी कनेक्शन सुटेपर्यंत थांबून राहते. तुमच्याकडे नेमके हेच घडत असावे. माझ्या मते या स्थलांतरातला हा सर्वांत घातक बदल आहे, कारण चाचणी करताना एकदोन वापरकर्त्यांना तो जाणवतही नाही.

तेव्हा दोन्ही नावे बदला. आकडे तेच राहू द्या. रिसोर्समध्ये (कॉन्टेक्स्ट फाइलमधली डेटासोर्सची नोंद) फॅक्टरी म्हणून टॉमकॅटचा स्वतंत्र जेडीबीसी पूल दिलेला असेल, तर मात्र मॅक्सअ‍ॅक्टिव्ह हेच नाव योग्य आहे आणि ते बदलू नये.

उत्तर ३

सर्व्हर.एक्सएमएलही टॉमकॅट ६ ची आहे, म्हणून थोडी भर घालतो. जास्परलिसनरची ओळ काढल्याने ती फाइल आवृत्ती ९ ची होत नाही. त्या काळच्या फाइलमध्ये ८००९ पोर्टवरचा एजेपी (वेब सर्व्हर टॉमकॅटला जोडण्याचा प्रोटोकॉल) कनेक्टर चालू ठेवलेला असे. ९.०.३१ पासून या कनेक्टरला सीक्रेट (सामायिक गुप्त शब्द) देणे सक्तीचे आहे आणि ते नसेल तर तो सुरूच होत नाही. ८०८० वर सगळे सुरळीत दिसते, परंतु टॉमकॅटच्या पुढे बसवलेला वेब सर्व्हर एजेपीने जोडलेला असेल तर त्याच्याकडून टॉमकॅटपर्यंत काहीच पोहोचत नाही. एजेपी लागत नसल्यास तो भाग काढून टाकावा. त्याहून बरे म्हणजे आवृत्ती ९ बरोबर आलेली कोरी सर्व्हर.एक्सएमएल घ्यावी आणि आपले बदल एकेक करून तिच्यात आणावेत.

टॉमकॅट सुरू-बंद करणाऱ्या कॅटालिना स्क्रिप्टला कॉन्फिगटेस्ट हा पर्याय देऊन ही फाइल सर्व्हर सुरू न करता तपासता येते. ही तपासणी कनेक्टरचे पोर्ट उघडून पाहते, म्हणून सर्व्हर आधीच चालू असेल तर पोर्ट व्यापलेले असल्याची तक्रार येईल. तो फाइलचा दोष समजू नये. ॲप्लिकेशनच्या कॉन्टेक्स्ट फाइल मात्र या तपासणीत येत नाहीत, त्यामुळे तुमची चौदावी ओळ तिने पकडली नसती.

गुणधर्माच्या नावातले लहान-मोठे अक्षर चुकले, उदाहरणार्थ मॅक्सथ्रेड्समधला टी लहान लिहिला, तरी टॉमकॅट थांबत नाही. तो गुणधर्म लावता आला नाही, एवढा इशारा देऊन तो पुढे जातो. म्हणून नवी फाइल तयार झाल्यावर सुरुवातीच्या लॉगमधल्या इशाऱ्याच्या पातळीवरच्या सर्व ओळी एकदा वाचाव्यात, सर्व्हर व्यवस्थित सुरू झाला असला तरीही.