मदत हवी आहे: गिऱ्हाईक खूश असतं, पण दुसऱ्यांदा फोन दुसऱ्यालाच जातो (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात पाण्याचे फिल्टर आणि एसीची दुरुस्ती-सर्व्हिसिंग करतो. दुकान राजारामपुरीत, हाताखाली दोन पोरं, फोन आणि हिशेब वहिनी बघतात. कामाला तोटा नाही, उन्हाळ्यात तर एसीवाले दारात उभे असतात. पण एकदा काम केलेलं घर पुन्हा आपल्याकडेच येईल, याचा भरवसा नाही.

परवा ताराबाई पार्कात एका फ्लॅटमध्ये गेलो होतो. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, "अहो, गेल्या साली आमच्याकडं तुम्हीच आला होता न्हवं? लई चांगलं काम केलंसा. नंबर सापडला नाही बघा, मग वॉचमननं दिला त्याला बोलावलं." तक्रार काही नाही, कौतुकच. आणि मेंब्रेनचे (फिल्टरमधला पाणी शुद्ध करणारा पडदा) पैसे मात्र वॉचमनच्या माणसाला!

दिवाळी-पाडव्याला व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवून बघितल्या. पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणजे जे तसेही आपल्यालाच बोलावणार होते त्यांना. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमानं डीएलटीवर (असे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंदणी आणि मेसेजचा मसुदा मंजूर करून घ्यायचा. एवढ्याशा दुकानाला तो व्याप नको वाटतो. वहिनींनी फोन केले की लोक गोड बोलतात, "लागलं की सांगतो की!" आणि ठेवतात.

विचारायचं आहे ते असं. फोन नेमका कधी आणि काय बोलायला करावा, की माणूस वैतागणार नाही? एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) इथं चालते का? आणि अवघड प्रश्न: पोरगं गिऱ्हाइकाला हळूच स्वतःचा नंबर देतं, त्याचं काय करायचं? पोरगं हातचं आहे, गमवायचं नाही.

प्रतिसाद (सांगली, पेस्ट कंट्रोल)

शुभेच्छा बंद करा. सणाला आधीच शंभर मेसेज येतात, त्यात तुमचा कोण बघतो? मशीनची तारीख धरा. स्पन (गाळ अडवणारा फिल्टर) आणि कार्बन (वास काढणारा) सहा महिने ते वर्षभर, मेंब्रेन दोन-तीन वर्षं, पाण्यावर अवलंबून. काम संपताना वहीत पुढची तारीख आणि त्या दिवसाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) लिहून घ्या. मग वहिनींनी "सर्व्हिसिंग करायचंय का?" असं विचारायचंच नाही. "काकू, तुमचा कार्बन जानेवारीत बदललाय, आता पाण्याला वास येतोय का?" एवढंच. यात विकणं नाही, चौकशी आहे. आमच्याकडं पहिल्या फवारणीनंतर झुरळं दिसतात का, एवढंच विचारतो. निम्म्या वेळा माणूस स्वतःच पुढचं काम सांगतो.

प्रतिसाद (फुलेवाडी, प्लंबिंग)

सहा महिने वगैरे ठीक, पण कोल्हापूरचं कॅलेंडर पावसावर चालतं. जुलै-ऑगस्टात नदीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा बाहेरच्या बाऊलमधला स्पन बघता बघता तांबडा होतो. गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी दिसतं, समजवावं लागत नाही. फोन तेव्हा करा. उपनगरात बोअरवर असलेल्यांची यादी वेगळी ठेवा, त्यांचं दुखणं क्षाराचं, गाळाचं नाही. दोघांना एकच मेसेज पाठवला की दोघांनाही तो आपल्यासाठी वाटत नाही. आणि एसीवाल्यांना फेब्रुवारीतच गाठा. एप्रिलमध्ये फोन करून उपयोग काय, तेव्हा तुम्हालाच वेळ नसतो.

प्रतिसाद (शाहूपुरी, इन्व्हर्टर-बॅटरी)

एएमसीचं माझं मत जरा कडू आहे. वर्षाचे पैसे आधी द्यायला आपला माणूस कुरकुरतो, आणि दिले की प्रत्येक खुट्ट झालं की फोन. मी पार्टसह एएमसी बंद केली. फक्त सर्व्हिस, ठरलेल्या भेटी, पार्टचे पैसे वेगळे, आणि काय धरलंय काय नाही ते छापील कागदावर. मेंब्रेन आणि पंप धरून एएमसी विकली की पहिल्या खराब बोअरला नफा धुऊन जातो.

पोराचं म्हणाल तर धाकानं होत नाही. पैसे दुकानाच्या क्यूआरवरच घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पेमेंटच्या यादीत तुमचं नाव राहतं. कामाचा फोन आणि सिम दुकानाचं द्या. आणि जे घर पुन्हा दुकानाकडं येतं, तिथं आधी गेलेल्या पोराला त्या बिलातला वाटा द्या. हळूच बाहेर काम करून जे मिळतं त्याच्या जवळपास उजळ माथ्यानं मिळालं, तर तो कशाला लपवेल? लपवलंच तर मग माणूस बदला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वाट्याचं डोक्यात आलं नव्हतं, या महिन्यापासून करतो. तारखेची वही वहिनींनी आजच घातली, बोअरवाल्यांचं पान वेगळं. एएमसीचं मात्र मला अजून पटत नाही, ज्येष्ठ मंडळी एकटी राहतात तिथं ती चालेल असं वाटतंय. तिथं लोकांना पार्टपेक्षा ओळखीचा माणूस घरात येण्याचं महत्त्व जास्त.

एक शेवटचं: फिल्टरच्या बॉडीवर नंबर आणि पुढची तारीख लिहायचा स्टिकर लावायचा आहे. सिंकजवळच्या ओलीत साधा कागद टिकत नाही, आणि पेनानं लिहिलेली तारीख पुसते. शहरात कुणी व्हिनाइलचे स्टिकर थोड्या संख्येनं छापून देतं का? आणि तारीख कशानं लिहिता तुम्ही?