सॉलिसिझम म्हणजे काय आणि सोलोई गावाचा त्याच्याशी काय संबंध?

व्याकरणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात सॉलिसिझम हा शब्द सारखा येतोय. डिक्शनरीत अर्थ 'व्याकरणदृष्ट्या चुकीचा प्रयोग' आणि व्युत्पत्तीत सोलोई नावाचं कुठलंतरी ग्रीक गाव. अख्ख्या गावाला धड बोलता येत नव्हतं की काय? मराठीत सुटसुटीत शब्द आहे का ह्याला?

तिरपागडा:
गाव खरंच होतं. आत्ताच्या तुर्कस्तानात, मेर्सिन शहराच्या कडेला समुद्राकाठी, त्या प्रांताला तेव्हा किलिकिया म्हणायचे. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की अकियन ग्रीकांनी आणि ऱ्होड्स बेटावरच्या लिंडोसच्या लोकांनी ते वसवलं. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्टियसची स्टोरी वेगळीच, अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन तिकडे गेला, स्वतःच्या नावाने गाव वसवलं, थोडे अथेन्सवाले तिथे ठेवले आणि पुढे त्यांची बोली बिघडली, म्हणून 'सोलोइकिझाइन' म्हणजे चुकीचं बोलणं. मला तरी ही नावावरून मागाहून जुळवलेली भानगड वाटते. खुद्द स्ट्रॅबोही म्हणतो की शब्द सोलोईवरून आला असेल किंवा दुसऱ्या कशावरून. आणि गंमत म्हणजे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस हे 'सोलोइकिझाइन' क्रियापद ग्रीक भाषेसाठी वापरतच नाही, सॉरोमाती लोक सिथियन भाषा चुकीची बोलतात कारण त्यांच्या मूळच्या अॅमेझॉन (दंतकथेतल्या लढवय्या) बायांना ती कधी नीट आलीच नाही, तिथे वापरतो. म्हणजे इ.स.पू. 5व्या शतकातच शब्द गावापासून सुटून मोकळा झालेला.

ओसरी:
ग्रीक व्याकरणवाले दोन चुका वेगळ्या धरायचे. एकट्या शब्दात चूक झाली की बार्बरिझम, आणि शब्द एकेकटे बरोबर पण जोडणी चुकली की सॉलिसिझम. 'माझी मदत कर' घ्या, तिन्ही शब्द अस्सल मराठी, पण आपण 'मला मदत कर' म्हणतो, तर हा चोख सॉलिसिझम. 'तो मला बोलला की उद्या येतो' हाही त्याच जातीचा (मुंबईकरांनी चिडू नये, मीही तिथलाच). 'पाणी'चं 'पानी' केलं तर ते पहिल्या खात्यात. संस्कृत काव्यशास्त्रात व्याकरणाच्या चुकीला 'च्युतसंस्कृति' म्हणतात, काव्यशास्त्रकार मम्मटाच्या दोषांच्या यादीत आहे, पण लेखात ते कोण वाचणार. 'प्रयोगदोष' लिहा, कळतं.

तिरपागडा:
प्रयोगदोष चालेल, पण त्या गावावर अन्याय झालाय हो. स्टोइक पंथाचा ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिसिपस सोलोईचा (काहीजण टार्ससचा म्हणतात), आणि त्याच्या ग्रंथांच्या यादीत 'सॉलिसिझमांविषयी' असंही एक पुस्तक आहे! कवी अराटसही इथलाच, इ.स.पू. 3ऱ्या शतकातला, त्याचं ताऱ्यांवरचं काव्य इतकं गाजलं की रोमन वक्ता सिसेरोने तरुणपणी त्याचं लॅटिन भाषांतर केलं. बायबलमध्ये संत पौल अथेन्समध्ये भाषण करताना तुमच्याच कवींनी म्हटलंय म्हणून 'आपण देवाचेच वंशज' अशा अर्थाचं वाक्य घेतो, ते अराटसच्या ओळीतलं. पौल टार्ससचा, म्हणजे किलिकियाचाच. बोलायला येत नाही म्हणून ज्यांना हसले त्यांच्यातलाच एक जण अथेन्सवाल्यांना सोलोईवाल्याची ओळ ऐकवतोय, मला तर हे फार आवडतं.

कोपरा नं. 2:
पुढे त्या गावाचं झालं काय?

तिरपागडा:
बरंच काही. इ.स.पू. 333 मध्ये अलेक्झांडर आला, हे लोक इराणच्या बाजूचे म्हणून 200 टॅलंट (तेव्हाचं मोठं वजनाचं माप) चांदीचा दंड ठोकला आणि शिबंदी बसवली. मग आसपासच्या डोंगरी लोकांवर स्वारी करून सात दिवसांत परत, वैद्यकाचा देव अॅस्क्लेपियसला नैवेद्य, मशालींची शर्यत, खेळ, गाणी, वर गावाला लोकशाही देऊन गेला. इराणच्या राजाविरुद्ध इसॉसची लढाई जिंकल्यावर दंडातले उरलेले 50 टॅलंट माफ. नंतर आर्मेनियाचा राजा टिग्रानीसने आपली नवी राजधानी भरायला इथली माणसं उचलून नेली, गाव ओसाड. इ.स.पू. 67 मध्ये रोमन सेनापती पॉम्पेने समुद्री चाच्यांना हरवलं आणि शरण आलेल्यांपैकी काहींना इथेच वसवलं, नाव ठेवलं पॉम्पेइओपोलिस. आज रस्त्याकाठचे काही खांब उभे आहेत.

ओसरी:
फक्त एक, सायप्रसमध्येही सोलोई आहे, ते वेगळं. डायोजिनीसच सांगतो की किलिकियावाल्यांना सोलेइस आणि सायप्रसवाल्यांना सोलिओइ म्हणायचं. तेव्हा तळटीप देणार असाल तर 'किलिकियातलं' हे टाकाच.