स्वस्त एसएसडी: खोक्यावरचा वेग खरा की नुसता दिखावा?

फावल्यावेळी: नवी १ टीबीची स्वस्त एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, वेगवान जोडणीची) एसएसडी वापरतोय. खोक्यावर ठळक अक्षरांत ३५०० एमबी प्रति सेकंद. ड्राइव्ह पाऊण भरल्यावर १५० जीबीचं व्हिडिओ फोल्डर टाकायला घेतलं. पहिले साठेक जीबी भुर्रकन गेले, मग कॉपीच्या वेगाचा आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली आला, थेट ९०-१०० एमबीवर. हार्डडिस्कसुद्धा सलग लिहिताना याहून जास्त देते. आत क्यूएलसी (स्वस्त, पण हळू लिहिणारी फ्लॅश मेमरी) आहे, हे खोक्यावर कुठेच नाही. माझ्या मते ही सरळसरळ दिशाभूल आहे.

जुनाट_डबा: दिशाभूल कसली? क्यूएलसीत एका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या एका कप्प्यात, ४ बिट बसतात. रिकाम्या जागेत तेच सेल तात्पुरते १ बिटचे करून वापरले की लिहिणं वेगवान होतं, तोच एसएलसी कॅशे. तुमच्याकडे २५० जीबी मोकळे होते, त्याचा चौथा भाग साठेक जीबी. हिशेब तंतोतंत जुळतोय की! आणि एका दमात १५० जीबी रोज कोण टाकतं? विंडोज चालू होणं, ब्राउझर उघडणं हे सगळं ४ केबीच्या विखुरलेल्या रीडचं काम. तिथे हार्डडिस्क जेमतेम १ एमबी देते, ही ५० च्या घरात. घरच्या जुन्या लॅपटॉपला अजून काय हवं?

फावल्यावेळी: हिशेब मलाही येतो हो. ज्याला येत नाही, त्याला खोक्यावरून काय कळणार? आणि परीक्षणं लिहिणारे काय करतात? कोऱ्या ड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कमार्क हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवतात. तो मुळात १ जीबीची फाइल घेतो, ती कॅशेबाहेर पडतच नाही. आकडे झकास, शेवटी 'पैसा वसूल'.

टीएलसीवादी: शिवाय यात डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान कामचलाऊ मेमरी) नाही. असल्या ड्राइव्हला मी हातसुद्धा लावत नाही.

जुनाट_डबा: डीरॅम नाही म्हणून नाक मुरडायचे दिवस गेले. एनव्हीएमई ड्राइव्ह एचएमबी नावाच्या सोयीतून संगणकाच्याच रॅममधले काही डझन एमबी उसने घेते आणि डेटा कुठे आहे त्याचा नकाशा तिथे ठेवते. रोजच्या कामात फरक शोधूनही सापडत नाही. हां, हीच ड्राइव्ह यूएसबी डबीत घातली तर एचएमबी मिळत नाही. स्वस्तातल्या साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) ड्राइव्हलाही ती सोय नाही. तिथे तुमचं म्हणणं मान्य.

टीएलसीवादी: आणि आयुष्याचं काय? हिला २०० टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिता येईल याची कंपनीची हमी), माझ्या टीएलसीला (एका सेलमध्ये ३ बिटवाली) ६००.

जुनाट_डबा: रोज २० जीबी लिहिलंत तरी २०० टीबी संपायला २७ वर्षं लागतील. तोवर तो मदरबोर्ड राहील का? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा रोजचं व्हिडिओ संपादन असेल तर गोष्ट वेगळी, त्यांनी ही घेऊच नये.

मधलं_बोट: तुम्ही दोघं वेग आणि आयुष्यावर भांडताय. मला खटकतं ते दुसरंच. नाव तेच, मॉडेल क्रमांक तोच, पण काही महिन्यांनी आतली फ्लॅश नाहीतर कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) बदललेला. असं याआधी झालेलं आहे. परीक्षण टीएलसीचं वाचायचं आणि घरी क्यूएलसी यायची! मग परीक्षणाला अर्थ काय? राहिला किमतीचा मुद्दा. चांगल्या टीएलसीपेक्षा ही दहा टक्केच स्वस्त असेल तर डोळे झाकून टीएलसी घ्या. तीस-चाळीस टक्क्यांचा फरक असेल आणि ड्राइव्ह गेम नाहीतर फोटो ठेवायला हवी असेल, तर हिच्यात खोट नाही.

टीएलसीवादी: दुकानांच्या सवलतीच्या सेलमध्ये तो फरक दहा टक्क्यांवरच येतो. म्हणजे माझंच खरं.

जुनाट_डबा: सेल नसताना काय करायचं, ते पण सांगा. आणि फावल्यावेळी, तुमचा राग कोऱ्या ड्राइव्हवर चाचणी घेणाऱ्यांवर काढा, ड्राइव्हवर कशाला?

फावल्यावेळी: दोघांवरही काढतोय. कॅशे संपल्यानंतरचा वेग खोक्यावर बारीक अक्षरांत जरी छापला असता तरी हा धागा काढला नसता. उद्या ड्राइव्ह निम्मी रिकामी करून तेच फोल्डर पुन्हा टाकतो आणि आलेख इथे चिकटवतो. ज्यांच्याकडे हीच ड्राइव्ह आहे त्यांनी फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती कळवा, मधलं_बोट म्हणतात तो घोळ हिच्यातही आहे का ते बघू.